डावखुऱ्या पोरीसाठी पियानो: उलटा की सरळ?

भाची डावखुरी. नाशिकरोडहून ताईचा फोन: "डाव्या हाताचा पियानो मिळतो का रे?" मिळतो, पण दुकानात नाही.

उलटा पियानो म्हणजे आरशातला. खर्ज उजवीकडे, तार सप्तक डावीकडे, म्हणजे चाल डाव्या हाताकडे येते. इंग्लंडचे पियानोवादक क्रिस्टोफर सीड यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्सच्या कारागिरांकडून असा फोर्टेपियानो, म्हणजे जुन्या घडणीचा पियानो, करवून घेतला. पुढे जर्मनीच्या ब्ल्यूटनर कंपनीने तसा ग्रँड पियानोही घडवला. नुसत्या पट्ट्या अदलाबदल करून हे जमत नाही. खर्जाच्या लांब तारा एका अंगाला असतात, त्यांचा प्रचंड ताण बिडाची चौकट पेलते. म्हणजे चौकट, ध्वनिफलक, हातोड्या सगळं उलटं करायचं. एका वाद्यासाठी एवढा खटाटोप, मग किमतीचं काय विचारता!

डिजिटल पियानोवर हेच फुकटात होतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी 'डी'भोवती तंतोतंत सममित आहे. 'डी' म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीमधली पांढरी पट्टी. पियानो वायरीने लॅपटॉपला जोडला की प्रत्येक पट्टी एका क्रमांकाने कळते, त्याला मिडी क्रमांक म्हणतात. मधल्या सप्तकातल्या 'डी'चा मिडी क्रमांक ६२, म्हणून लॅपटॉपला सांगायचं: दाबलेल्या पट्टीचा क्रमांक १२४ मधून वजा कर. 'ई' दाबली की 'सी' वाजते, काळ्या काळ्याच राहतात. पियानोचा स्वतःचा आवाज मात्र आधी बंद करावा लागतो, नाहीतर दोन्ही सूर एकदम येतात. स्वस्त लॅपटॉपवर सूर किंचित उशिरा उमटतो, त्याची चीड येते.

सरळ पियानोत डावखुऱ्याचं फारसं बिघडत नाही, असं माझं मत. तिथे दोन्ही हातांना काम आहे. खर्जाच्या उड्या भाची सहज मारेल, उजव्याला जरा जास्त घोटावं लागेल. (आपल्या पेटीला तर हा प्रश्नच नाही. भाता उजव्या हातात घ्यायचा. डावखुरा तबलजी डग्गा उजवीकडे सरकवतो.)

पण खरा प्रश्न घराबाहेरचा. कॉलेज रोडचा क्लास, शाळेचं गॅदरिंग, परीक्षेचं केंद्र, सगळीकडे सरळच पियानो. उलट्यावर वाढलेली मुलगी तिथे अडकणार.

म्हणून ताईला म्हटलं, ८८ वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या) पट्ट्यांचा डिजिटल घे, क्लास सरळच लाव. दिवाळीत मी वायर घेऊन येतो, दुपारभर उलटं वाजवून बघू दे तिला.