पुरुष पाळकांची मंडळी की स्त्रियांना दीक्षा देणारी? सभासद होण्याआधी

मंडळी, म्हणजे आपलं चर्च, बदलायची म्हटलं की आपण उपासनेची वेळ विचारतो, एखाद-दुसरा संदेश ऐकतो, मुलांचे वर्ग कसे आहेत ते बघतो. पाळक आणि वडील (मंडळीचा कारभार पाहणारे नेमलेले ज्येष्ठ) म्हणून कोण बसतं याकडे लक्ष जातं ते बहुतेक वेळा सभासदत्वाचं पत्र देऊन झाल्यावर. हा निर्णय आत्ता ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काही मंडळ्यांत पाळक आणि वडील पुरुषच असतात, काही मंडळ्या स्त्रियांनाही दीक्षा देतात, म्हणजे रीतसर पाळक नेमतात. मी दोन्हीकडे राहिलो आहे. पहिल्या प्रकारच्या मंडळीत काही वर्षं वडीलमंडळात होतो, आता दुसऱ्या प्रकारच्या मंडळीत आहे. पौलाच्या तीमथ्याला पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय (स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये) आणि गलतीकरांस पत्राचा तिसरा (ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही) यांच्यातली ओढाताण वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

पाळक आणि वडील पुरुषच असावेत असं मानणाऱ्या मंडळीबद्दल आधी. बायबल नीट वाचायला मी तिथेच शिकलो, त्यामुळे तिच्याबद्दल हलकं बोलवत नाही. तिचं बळ म्हणजे स्पष्टपणा. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली पाळकपद पुरुषांपुरतंच आहे असं आपल्या विश्वासपत्रकात लिहून टाकलं. स्त्रियांना पाळक नेमल्यावरून सॅडलबॅकसारखी प्रचंड मोठी मंडळी त्यांनी बाहेर काढली आणि २०२३ च्या अधिवेशनात तो निर्णय कायमही केला. पटो न पटो, आपण कुठे चाललो आहोत हे जाणाऱ्याला कळतं. दुसरं असं की अशा मंडळीत पुरुषांना मागच्या बाकावर बसून राहता येत नाही. आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना, हिशेब, सगळं अंगावर येतं. माझ्या पाहण्यात तरी तरुण मुलगे तिथे लवकर जबाबदारीला लागले.

खटकत राहिली ती एकच गोष्ट, आणि माझ्यापुरतं तिच्यावरच सगळं ठरलं. ती म्हणजे बंद दाराआडची बैठक.

एकदा एक बाई घरातल्या मारहाणीबद्दल सांगायला वडीलमंडळासमोर आल्या. लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही पुरुष, टोकाला त्यांची खुर्ची. नवऱ्याचा जवळचा मित्र दोन हातांवर बसलेला. आमच्यातल्या एकाने अगदी मायेने विचारलं, "नेमकं काय झालं ते सांगा, ताई." त्यांनी पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाल्या, "काही विशेष नाही. घरासाठी प्रार्थना करा." आम्ही प्रार्थना केली. इतिवृत्तात 'कौटुंबिक अडचण, प्रार्थना झाली' एवढी ओळ गेली.

खरी हकिकत पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, ठाऊक होती, पण त्यांना बैठकीत जागा नव्हती. त्यांनी ती पाळकांना सांगितली. पाळकांनी पुढच्या बैठकीत आम्हाला सांगितली, तीही अर्धीमुर्धी, कारण काही गोष्टी इतक्या पुरुषांसमोर काढायला त्यांनाही जड गेलं. आम्ही काही ठरवेपर्यंत त्या बाई घर सोडून गेल्या होत्या. हे एकदाच घडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण स्त्रियांचा प्रत्येक प्रश्न असाच निरोपानिरोपी फिरून आमच्यापर्यंत यायचा आणि वाटेत त्यातलं निम्मं गळून जायचं. वाईट मनाचं त्या टेबलाशी कुणीच नव्हतं. ज्यांनी ऐकलेलं असायचं त्या बाहेर आणि ज्यांनी ठरवायचं ते आत, अशी मांडणीच होती.

आत्ताच्या मंडळीत पाळकबाई आहेत. तशीच एक तक्रार आली तेव्हा जिने ऐकली तिनेच ती बैठकीत मांडली. "नाव सांगत नाही. त्यांना आज रात्री राहायला सुरक्षित जागा हवी आहे, बाकीचं उद्या बोलू." संध्याकाळच्या आत सोय झाली. स्त्री पाळक आली की मंडळी आपोआप शहाणी होते असा माझा दावा नाही. एखाद्या समंजस पुरुष पाळकानेही हेच केलं असतं. पण तिथे ते त्याच्या समजूतदारपणावर अवलंबून राहतं. इथे ऐकणारीला बैठकीत हक्काची जागा आहे.

या दोहोंच्या मधला एक प्रकार आहे आणि बरेच जण तोच बरा म्हणून निवडतात. बाईंनी बोलावं, पण 'वडिलांच्या अधिकाराखाली'. व्यासपीठावर न चढता खालच्या माइकवरून बोलावं. मला हे तळ्यात-मळ्यात सगळ्यात अवघड वाटतं, कारण इथे नियम वचनातून कमी आणि त्या वेळच्या पाळकाच्या मनातून जास्त येतो. पाळक बदलले की माइक पुन्हा काढून घेतला जातो. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. अशा बाईचं भाषांतर हातात घेऊन पुरुषाने संदेश दिला तर चालतं, तिने स्वतः त्याच अध्यायावर उभं राहून बोलायचं म्हटलं तर मात्र समिती नेमावी लागते. ही अडचण कशी सोडवायची हे या प्रकारातल्या कुणी मला अजून पटेलसं सांगितलेलं नाही.

फ्लोरेन्स ली टिम-ओय यांची हकिकतही इथे आठवते. दुसऱ्या महायुद्धात मकावमधल्या अँग्लिकन लोकांना प्रभुभोजन द्यायला कुणी पाळक पोहोचू शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी १९४४ मध्ये त्यांना दीक्षा दिली. युद्ध संपलं, वाद उठला आणि बिशपांवरचं दडपण कमी व्हावं म्हणून ली यांनी पाळकाचं काम करण्याचा परवाना बाजूला ठेवला. गरज होती तोवर त्यांच्या हातचं प्रभुभोजन सगळ्यांना चाललं होतं.

स्त्रियांना दीक्षा देणाऱ्या मंडळीतही सगळं सुरळीत नाही, हे जाण्याआधी माहीत असावं. कागदावरचा हक्क आणि मनातली मान्यता यांच्यात बरीच वर्षं जातात. इंग्लंडच्या चर्चने १९९२ मध्ये ठराव केला, १९९४ मध्ये ब्रिस्टलला पहिल्या ३२ स्त्रियांना दीक्षा मिळाली, पण लिबी लेन बिशप व्हायला २०१५ उजाडलं. सेरा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं ते थेट २०२५ मध्ये. ज्या मंडळ्यांना हे मान्य नाही त्यांना वेगळ्या बिशपाची देखरेख मागण्याची सोय १९९३ मध्येच करून ठेवली होती. लॅटव्हियाच्या ल्युथरन चर्चमध्ये तर उलटच झालं. १९७५ पासून स्त्रियांना मिळणारी दीक्षा १९९३ मध्ये नवे आर्चबिशप आल्यावर थांबली आणि २०१६ मध्ये चर्चच्या घटनेतच ती पुरुषांपुरती केली गेली. उघडलेलं दार पुन्हा लागूही शकतं.

स्थानिक पातळीवरचा त्रास लहान असतो, पण रोजचा. आमच्या पाळकबाईंना आधी मोडकळीला आलेली, भांडणांनी पोखरलेली मंडळी मिळाली होती. अंत्यविधीच्या वेळी आजही कुणीतरी हळूच येऊन विचारतं, "दुसरे पाळक नाहीत का?" त्या उत्तर देतात, प्रार्थनेचं पुस्तक उघडतात आणि विधी सुरू करतात. शिवाय त्यांच्याकडून पाळकाचं काम तर अपेक्षित असतंच, वर पाळकीणबाईंनी करायची म्हणून समजली जाणारी सगळी कामंही. याला अजून आमच्याकडे उत्तर नाही.

कॅथलिक वाचकासमोर ही निवड अशी येतच नाही. गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याची दीक्षा, फक्त पुरुषांना, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. पण वाचक आणि वेदीसेवक ही पदं २०२१ पासून स्त्रियांनाही रीतसर दिली जातात आणि २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या. तिथे दीक्षा आणि कारभार या दोन गोष्टी हळूहळू वेगळ्या होताहेत. त्याचं पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे.

पौलाचं वचन पुरुष नेतृत्वच सांगतं अशी तुमची मनापासून खात्री असेल, तर पहिल्या प्रकारची मंडळी सोडू नका. मनात कुरकुर ठेवून पाळकबाईंच्या हातून प्रभुभोजन घेण्यात कुणाचंच भलं नाही. खात्री नसेल, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटत असेल, तर मी दुसरीकडे जा म्हणेन. आणि कुठेही जायचं ठरलं तरी रविवारच्या उपासनेवरून ठरवू नका. एखाद्या वडिलांना गाठून एवढंच विचारा की एखादी बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आली तर तिच्याशी कोण बोलतं आणि त्या वेळी खोलीत कोण असतं. पुरुष पाळकांच्या काही मंडळ्यांमध्ये स्त्री डीकन (मंडळीच्या सेवेसाठी नेमलेल्या) असतात आणि अशा वेळी त्या सोबत बसतात, तिथे निर्धास्त जा. "ते पाळकीणबाई बघतात" असं उत्तर आलं, तर त्या बैठकीला येतात का, हेही विचारून घ्या.