अ‍ॅनाटॉमीची चार पुस्तकं, दहा महिन्यांनंतर

गोव्यातल्या चोडण–रायबंदर फेरीबोटीत रोज सकाळी माणसांची चित्रं काढायची, हा माझा दीड वर्षाचा नेम. चेहरे जमू लागले, पण हात म्हणजे दुधी भोपळ्याला पाच भेंड्या लावलेल्या. म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं जमवली. आज चार आहेत. सगळ्यांत महागडं सगळ्यांत कमी उघडलं जातं.

पहिलं फुकट आलं. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकलेल्या आतेबहिणीने डॉक्टरकीच्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची जुनी आवृत्ती दिली. १८५८ मध्ये लंडनला निघालेल्या मूळ पुस्तकाची चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टरची. नाव राहिलं मजकूर लिहिणाऱ्या ग्रेचं, आणि कार्टर मुंबईला येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. हे कळल्यावर पुस्तकाबद्दल जिव्हाळाच वाटला. पण चित्र शिकायला त्याचा उपयोग झाला नाही. दोन महिने स्नायूंची नावं पाठ केली. नावं आली, हात काही आला नाही.

कारण उशिरा लक्षात आलं. वैद्यकीय पुस्तकातला माणूस कायम एकाच पवित्र्यात असतो: ताठ उभा, हात बाजूला, तळवे समोर. शरीराची जागा सगळ्या डॉक्टरांना एकाच भाषेत सांगता यावी म्हणून तसं ठरलेलं आहे. त्यात कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, शेजारी शेजारी दिसतात. आता फेरीत असं कोण उभं राहतं? इथे माणूस स्कूटरच्या हँडलवर मुठी ठेवून उभा, म्हणजे तळवे खाली.

करून बघा. एका हाताचं बोट दुसऱ्या कोपराच्या टोकावर ठेवा आणि करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत आणा. सबंध हाड कातडीखाली लागतं, ते अल्ना. आता तळवा वर-खाली फिरवा. अल्ना जवळपास जागेवर राहतं. अंगठ्याकडचं रेडियस त्याच्यावरून आडवं जातं आणि पंजाला सोबत घेऊन जातं. अंगठा वर करून हात पुढे धरला, तर कोपराची रुंदी आणि मनगटाची रुंदी एकमेकींशी काटकोनात येतात. समोरून बघाल तर कोपराशी जाडजूड हात मनगटाशी फळीच्या कडेसारखा अरुंद. माझ्या भोपळ्याचं गुपित हेच होतं: मी दोन्हीकडे सारखीच रुंदी काढत होते.

ही गोष्ट मला दाखवली जॉर्ज ब्रिजमनच्या 'कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी'ने. १९२० चं पुस्तक. हा न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवायचा. स्नायू एकेक करून सांगत बसत नाही. शरीर म्हणजे एकात एक घुसलेले ठोकळे आणि पाचरी, असं धरून चालतो. पहिला आठवडा मी त्याला शिव्याच घातल्या. रेघा गचाळ, मजकूर तारेसारखा तुटक. तिसऱ्या महिन्यात त्याच रेघांतून वजन कुठून कुठे जातं ते दिसू लागलं.

घेताना मात्र सांभाळून. ब्रिजमन १९४३ मध्ये वारला. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, त्यामुळे आता कोणीही उठून छापतं. माझी पहिली प्रत ऑनलाइन मागवली ती स्कॅनवरून काढलेली निघाली, सावल्यांच्या जागी नुसते काळे डाग. परत केली. मग फुकटची डिजिटल प्रत उतरवली आणि त्यातली हाताची पानंच तेवढी छापून घेतली.

अँड्र्यू लूमिसचं १९४३ चं 'फिगर ड्रॉइंग' आकृती उभी करायला उत्तम. तोल, पर्स्पेक्टिव्ह, घडी घातल्यासारखं वळलेलं धड, सगळं नीट समजावतो. पण त्याचा आदर्श माणूस आठ डोक्यांचा, म्हणजे उंची डोक्याच्या आठपट. खरी माणसं साडेसातच्या आसपास, आणि आमच्या गावचे काका त्याहून कमी. त्याच्या बायका तर सगळ्या मासिकातल्या जाहिरातीतून उठून आल्यासारख्या. मी माप घेते आणि बाकी सोडून देते.

महागडं ते सारा सिम्ब्लेटचं. नग्न मॉडेलचे मोठे फोटो आणि काहींवर पारदर्शक कागद, त्यावर आतली हाडं. देखणं आहे, यात वाद नाही. फोटोवर कागद पडला की 'अच्छा, हे इथे असतं होय' असं होतं. पण वीस वेळा बघितल्यावर ते संपतं, कारण फोटोतला माणूस काही वळत नाही. वर आमचा जुलै. गुळगुळीत कागदाची दोन पानं दमटपणाने चिकटली, सोडवताना एका खांद्याचं सालपट निघालं. आता चारही पुस्तकं कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवली आहेत.

कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते: दुकानात पुस्तक हातात घ्या, कोपर-मनगटाचं पान उघडा. तळवा खाली वळलेला हात नसेल, तर ते परत ठेवा.

सध्या माझा खांद्याचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, चालू आहे. हात सरळ डोक्यावर नेला की एकूण १८० अंशांतले साधारण ६० अंश हा फरा फिरण्यातून येतात. ठोकळा पाठीवरून अक्षरशः सरकतो. फेरीत वरची दांडी धरणारे बरेच, पण सगळे शर्ट घातलेले. म्हणून रविवारी सकाळी करंझाळेच्या किनाऱ्यावर जाते. तिथे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे उघड्या पाठीचे असतात, आणि वहीकडे बघायला त्यांना वेळ नसतो.