राखेची वीट की पऱ्हाटीचा बोर्ड?

शेतात दोन खोल्या काढताय, तर आधी एवढं ठरवा: भिंत छत पेलणार आहे, की नुसता आडोसा करायचाय?

छत पेलायचं असेल तर वीटच. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळून उरते त्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणून चुन्या-सिमेंटशी तिचं चांगलं जमतं. राख, सिमेंट, कच (दगडाचा बारीक चुरा) यांचं मिश्रण साच्यात दाबायचं आणि पुढं रोज पाणी मारायचं. भट्टी लागत नाही, रानातली पोयट्याची माती उकरावी लागत नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एकदा गेलेली माती परत येत नाही.

पण राख कुठली वापरलीय ते विचारा. करडी, बारीक राख चांगली. काळी म्हणजे अर्धवट जळालेला भुसा. तो पाणी पितो आणि वीट ठिसूळ होते. गाडी सांगायच्या आधी चार विटा घरी आणा. कोरड्या तोला, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. तीन किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर तो माल घेऊ नका.

बोर्डाचं काम वेगळं. कापसाची वेचणी संपली की उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, आपण बांधावर पेटवून देतो. तिचाच चुरा राळ घालून गरम दाबला की बोर्ड होतो. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं यावर बरंच काम केलंय. मधलं पार्टिशन, कपाट, पत्र्याखालचं छत यांना तो उत्तम. एप्रिल-मेची झळ बरीच अडते. मात्र पाणी लागलं की कडा फुगतात आणि वाळवीही लागते. मोरीजवळ लावू नका, जमिनीपासून वीतभर वर ठेवा, कापलेल्या कडा रंगवून घ्या.

छत हलकंच असावं, हा आग्रह मी उगाच धरत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या, ओझ्याखाली माणसं गाडली गेली. म्हणून वर पत्रा आणि बोर्ड, खाली राखेची वीट, आणि चौकटींच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा, असं मी सांगेन. पट्ट्यात काटकसर करू नका.

गोठ्याला मात्र यातलं काहीच नको. तुराट्यांचा कूड, वर भुसा-शेण कालवलेली माती. दरवर्षी मिरगाआधी लिंपायला घरात कुणी असलं की झालं.