दीह्वांग: कच्ची की शिजवलेली?

चिनी वैद्यकात दीह्वांग (रेहमानिया) ही मुळी एकच, पण औषधे दोन. चांगली मुळी म्हणजे हनान प्रांतातल्या च्याओत्स्वो भागातली, असे तिथले वैद्य आजही मानतात.

नुसती वाळवलेली ती शंग दीह्वांग. गुणाने थंड. ताप, तोंडाला कोरड, उष्णतेने होणारा रक्तस्राव अशा तक्रारींत ती देतात.

शिजवलेल्या शू दीह्वांगची कथा जास्त रंगतदार आहे. मुळी तांदळाच्या किंवा बाजरीवर्गातल्या धान्याच्या दारूत भिजवून वाफवायची, उन्हात घालायची, पुन्हा वाफवायची; जुना दंडक नऊ वेळांचा. शेवटी ती डांबरासारखी काळी, चिकट आणि गोड होते. वाफेने कॅटाल्पोल हे द्रव्य घटते, आणि थंड मुळी किंचित उष्ण मानली जाऊ लागते. आता काम रक्त वाढवण्याचे, मूत्रपिंडाला बळ देण्याचे. चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातले बालवैद्य छ्यान यी यांच्या सहा औषधांच्या प्रसिद्ध गोळीत तिचे आठ भाग, बाकी कुणाचे चारच्या वर नाहीत.

खोट एकच: शू पचायला जड. म्हणून सोबत बरेचदा शारेन देतात, म्हणजे आपल्या वेलदोड्याचा भाऊबंदच! पोट नाजूक असेल तर शंगही सांभाळूनच. तिने जुलाब होऊ शकतात.

‘शिजवलेली म्हणजे जास्त ताकदीची’ हा हिशेब मला पटत नाही. अंगात ताप असताना शू देणे तिथल्या वैद्यांच्या लेखी चूकच.