ताडोबाच्या सफारी बुकिंगमध्ये आम्ही 22 जण कसे फसलो, जाणाऱ्यांनी नक्की वाचा

पोस्ट मोठी आहे पण सुट्टीत सगळं कुटुंब घेऊन ताडोबाला जायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. आमचे 86,500 रुपये गेलेत. पैशांचं दुःख आहेच, पण पहाटे पाच वाजता ताडोबाच्या मोहर्ली गेटवर आत्याचा जो चेहरा बघितला तो काही केल्या डोळ्यासमोरून जात नाही.

आधी कशासाठी चाललो होतो ते सांगते. आत्याची पंच्याहत्तरी होती. माझे आजोबा चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला शिक्षक होते, आत्या आणि काका लोकांचं लहानपण तिकडेच गेलं, चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे. 1955 ला ताडोबा नॅशनल पार्क झालं तेव्हा आत्या पाच-सहा वर्षांची होती, आजोबांबरोबर बैलगाडीतून तळ्यापर्यंत गेल्याचं, वाटेवरच्या गोंड राजांच्या काळातल्या दगडी खांबांचं ती अजून सांगते. पण लग्नानंतर तिकडे परत जाणं झालंच नाही. म्हणून आम्ही सगळ्या चुलत-आते भावंडांनी ठरवलं की हॉल घेऊन कार्यक्रम नको, नाशिक, पुणे, अमरावती, इंदूर सगळीकडून सगळ्यांनी ताडोबाला जमायचं. रविवारी पोचायचं, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी सफारी, मग आपापल्या गाड्यांनी परत. बुकिंगचं काम मी अंगावर घेतलं.

राहायचं दादाने थेट होमस्टेवाल्यांना फोन करून ठरवलं, ते अगदी व्यवस्थित निघालं. सफारीसाठी मी मोबाइलवर सर्च केलं आणि सगळ्यात वर जी लिंक आली ती उघडली. ती जाहिरात होती, नावाच्या बाजूला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं पण माझं लक्षच गेलं नाही. वर राजमुद्रा, खाली पाण्यात बसलेल्या वाघिणीचा आणि तीन बछड्यांचा फोटो, साइटच्या नावात ताडोबा, सफारी, ऑनलाइन असे सगळे शब्द. तारीख टाकली, माणसं टाकली, पेमेंटचं पान आलंच नाही, व्हॉट्सअ‍ॅपचं बटन आलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पलीकडचा माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. ताई, टेन्शन घेऊ नका, एप्रिल-मेचं सगळं फुल्ल आहे पण आमच्याकडे कोटा असतो, तुमचं करून देतो. मी विचारलं सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस सकाळी मोहर्ली गेट मिळेल का, म्हणाला मिळेल. आत्याला दोन्ही नातवंडं आपल्याच जिप्सीत (सफारीची उघडी गाडी) हवी होती म्हणून एका गाडीत सात जण बसवाल का विचारलं, म्हणाला बसवू. आत्याचे फोटो काढायचे म्हणून मोबाइल नेता येईल का विचारलं, त्यालाही हो. प्रत्येक गोष्टीला हो. मला वाटलं किती मदत करणारा माणूस आहे, फॅमिली ग्रुपवर मी त्याचं कौतुकसुद्धा केलं.

आता हे तिन्ही हो खोटे कसे ते बघा, कारण एवढं जरी मला आधी माहिती असतं तरी एका मिनिटात कळलं असतं. ताडोबाचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतं, दर आठवड्याला. जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, वर एक ड्रायव्हर आणि एक गाइड. आणि कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. तिथल्या कुठल्याही गाइडला, चहावाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. आम्ही मात्र बावीस जण शिकलेले, आणि एकालाही हे बघावंसं वाटलं नाही कारण सगळ्यांना वाटत होतं की ताई बघतीये ना.

पैसे पण फारच कमी सांगितले असते तर शंका आली असती. एका जिप्सीचे 9,000, चार जिप्सी, दोन सफारी, 72,000. आधी 40,000 मागितले, दोन दिवसांनी 32,000. यूपीआयवर नाव यायचं कुठल्यातरी ट्रेडिंगवाल्याचं, मी विचारलं तर म्हणाला ताई हे आमचं कलेक्शन अकाउंट आहे, डिपार्टमेंटचं सेटलमेंट नंतर होतं. वनविभागाचे पैसे एखाद्या दुकानाच्या खात्यात कसे जातील हा प्रश्न मला पडला होता, खोटं नाही सांगत, पडला होता. पण त्याच दिवशी तो म्हणाला की अजून एक मोठी पार्टी याच तारखेसाठी थांबलीये, अर्ध्या तासात कन्फर्म करा, आणि मी केलं.

मग त्याने सगळ्यांचे आधार कार्ड मागितले, दोन्ही बाजूंचे फोटो. यात मला काही वावगं वाटलं नाही कारण खऱ्या बुकिंगलासुद्धा प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर द्यावाच लागतो, गेटवर ओरिजिनल दाखवावं लागतं. पण खऱ्या साइटवर आपण स्वतः नंबर भरतो, कुणा माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर बावीस आधारचे फोटो पाठवायची गरज नसते. मी पाठवले. आत्याचं, काकांचं, पोरांचं, सगळ्यांचं. पैसे एकदाच गेले पण ती कार्डं त्या माणसाकडे कायमची आहेत, हे मला जास्त खातं. आता सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून घेतलंय, एमआधार अ‍ॅपवरून होतं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि कुणाला कॉपी द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

परमिट आले. आठ पीडीएफ, क्यूआर कोड, गेट मोहर्ली, वेळ, नावं, खाली सूचना, वर राजमुद्रा. मी प्रिंट काढून लॅमिनेट केले. क्यूआर एकदाही स्कॅन करून बघितला नाही. नंतर गेटवर दादाने केला तर त्यात नुसता एक फोन नंबर निघाला, त्याच माणसाचा.

पोचायच्या आदल्या दिवशी, शनिवारी रात्री, त्याचा परत फोन. गाइड आणि कॅमेऱ्याचं डिपॉझिट 14,500 भरावं लागेल, सफारीनंतर गेटवरच परत मिळतं, नाही भरलं तर परमिट लॉक होईल. अर्धी मंडळी रेल्वेत होती. साडेअकराला मी भरले.

सोमवारी पहाटे चारला उठलो. आत्याने आदल्या रात्रीच साडीवर घालायचं जॅकेट आणि टोपी काढून ठेवली होती, सगळ्यात आधी तीच तयार. गेटवर पोचलो तेव्हा अंधार होता, जिप्सींची रांग, गाइड लोक नावं पुकारत होते. मी माझी लॅमिनेट केलेली परमिट काउंटरवर दिली. तिथल्या माणसाने पहिलं हातात घेतलं, आपल्या यादीत बघितलं, परत बघितलं. मग बाकीची बघायला लागला आणि एकावर बोट ठेवून म्हणाला, मॅडम, हे उद्याचं आहे, उद्या मंगळवार आहे जी, मंगळवारी गेट बंद राहते. मग दुसरं उचललं, नावं मोजली, सात. म्हणाला सात जणांचं परमिट निघतच नाही. तो चिडला नाही की हसला नाही, उलट हळू आवाजात बोलला कारण मागे आत्या उभी होती. म्हणाला, असे लोक मधूनमधून येतात.

मी फोन लावला, बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो गायब. आमच्या समोरून बाकीच्या जिप्सी एक एक करून आत गेल्या. पोरांना काही कळेना, लहानगा सारखा विचारत होता आपली गाडी कुठली. आत्या मला म्हणाली, अगं असू दे, इथपर्यंत आले ना मी. आणि ती गेटजवळच्या बाकावर बसून पोरांना त्या दगडी खांबांची गोष्ट सांगायला लागली, जे आत होते आणि आम्हाला दिसणार नव्हते. मी गाडीमागे जाऊन रडले.

त्या काउंटरवाल्याने आणि होमस्टेच्या मालकांनी मात्र आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. मालकांनी चौकशी करून दुपारच्या बफर (कोअरच्या बाहेरचा पट्टा) सफारीच्या दोन जिप्सी मिळवून दिल्या, आगरझरीच्या बाजूला, रीतसर पावती, सहा-सहा जण. आत्या, काका-काकू आणि पोरं गेली, आम्ही बाकीचे थांबलो. त्यांना वाघ नाही दिसला, गवे दिसले, मोर दिसले, मोहाची झाडं बघून आत्याने गाइडला थांबवून फुलांचा वास घ्यायचा हट्ट केला, खाली उतरायला परवानगी नाही म्हटल्यावर नुसतीच बघत बसली. खरा गाइड पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टींना नाही म्हणाला होता, हे मला रात्री जाणवलं. खरं बुकिंग असंच असतं, ही तारीख नाही, हे गेट नाही, सातवा माणूस नाही, मोबाइल नाही. सगळ्याला हो म्हणणारा मिळाला की जरा थांबा आणि मुद्दाम विचारा, मंगळवारी कोअरची सफारी आहे का. हो म्हणाला तर फोन ठेवा.

तक्रारीचं पण सांगते कारण तिथेही वेळ फार महत्त्वाची ठरली. गेटवरूनच दादाने 1930 ला फोन लावला, सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, लगेच लावा, घरी जाऊन निवांत करू असं करू नका. त्यांनी ट्रान्झॅक्शन नंबर, रक्कम, वेळ, कुठल्या बँकेतून गेले ते विचारलं, म्हणून यूपीआयचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका. 72,000 तीन आठवड्यांपूर्वीचे होते, ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाऊन काढून झाले होते. शनिवारी रात्री भरलेले 14,500 तेवढे एका खात्यात होल्ड झालेत, ते परत मिळायचे अजून बाकी आहेत. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पण तक्रार टाकली आणि घरी आल्यावर पोलीस स्टेशनला लेखी दिली, चॅट, बनावट परमिट, बँक स्टेटमेंट सगळं जोडून. तिथल्या साहेबांनी विचारलं की तुम्ही त्याला कधी भेटलात का. नाही. ऑफिसचा पत्ता? नाही. एका माणसाचा आवाज आणि वाघिणीचा फोटो एवढ्यावर आम्ही 86,500 दिले.

घरात कुणी मला बोललं नाही, उलट वहिनीने सगळ्यांचं कॉन्ट्रिब्युशन परत मागायचं नाही असं ग्रुपवर आधीच लिहून टाकलं. तरी मी दर महिन्याला थोडे थोडे परत करतीये, काकांची पेन्शन आहे, त्यातून दिले होते त्यांनी.

पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असतं. त्यानंतर परत जायचं ठरलंय, या वेळी बुकिंग वनविभागाच्या साइटवरून, पत्ता होमस्टेच्या मालकांकडून कागदावर लिहून घेतलाय, दादा आणि मी शेजारी बसून करणार आहोत. आत्याला सांगितलंय की नातवंडं दोन गाड्यांत बसतील.

काल रात्री धाकट्या बहिणीने एक लिंक पाठवली. साइटचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण पाण्यात बसलेली तीच वाघीण आणि तेच तीन बछडे. तिने तारीख टाकून बघितली तर पुढच्या मंगळवारच्या कोअरच्या चार जिप्सी शिल्लक दाखवत होतं. आम्ही लगेच तक्रार टाकलीये, पण आज सकाळपर्यंत तरी ते पान चालू आहे.