रायझन ५६००एक्स: व्होल्टेज फिक्स करावं की कर्व्ह ऑप्टिमायझर वापरावा?

धाकटा भाऊ त्याच्या रायझन ५६००एक्स प्रोसेसरवरून पेचात आहे: बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कायमचं १.३५ व्होल्ट टाकून मोकळं व्हावं, की कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे चिपच्या प्रत्येक कोअरचं (गणना करणाऱ्या भागाचं) व्होल्टेज थोडं-थोडं कमी करायची सोय, शिकून घ्यावा?

आधी टिकाऊपणा. स्टॉकवर, म्हणजे सेटिंग न बदलता, १.४५ व्होल्ट दिसले की अनेक जण घाबरतात. पण ते एखाद-दुसऱ्या कोअरवर, कमी करंटला असतात. लोड वाढला की चिप स्वतःच व्होल्टेज उतरवते. फिक्स केलं की ही राखण गेली. सगळे कोअर तापलेले, करंट भरपूर आणि व्होल्टेज तेवढंच. खरी झीज तिथे होते. फिक्सच करायचं तर मी १.३च्या वर जाऊ देणार नाही. एलएलसीही (लोडखाली व्होल्टेज घसरू न देणारं सेटिंग) सगळ्यात कडक लेव्हलला नको, लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं.

वेगात फिक्सचा फायदा रेंडरिंगला, ४.६ गिगाहर्ट्झचा सिंगल-कोअर बूस्ट (एकट्या कोअरने गाठलेला जास्तीचा वेग) मात्र बऱ्याचदा हातचा जातो.

मेहनत कर्व्हला जास्त. प्रत्येक कोअर उणे १०, उणे १५ (हे व्होल्ट नव्हेत, कर्व्हच्या सेटिंगचे आकडे) करत तपासायचा, आणि स्ट्रेस टेस्ट पास झालेलं मशीनही रिकामं असताना रीस्टार्ट होऊ शकतं.

ओव्हरक्लॉकिंगने (प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवून) झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, दोन्हीकडे.

दिवसभर रेंडर आणि दमदार कूलर असेल तर फिक्स चालेल. गेमिंग, रोजचं काम, मे महिन्यात एसीविना खोली असेल तर कर्व्हच. भावालाही तेच सांगितलंय.