वाटेत मार खाल्लेला टर्बो, त्याच्या बदल्यात आलेला दुसरा आणि पुढचे आठ महिने

गाडी 2012 ची, 1248 सीसीची डिझेल. गेल्या पावसाळ्यात पसरणी घाटात तिचा दमच गेला. दुसऱ्या गिअरवरही ओढेना, मागे निळा धूर. साताऱ्यातल्या आमच्या मिस्त्रींनी टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडावरचा होज काढला, आत बोट घालून पंखा वर-खाली हलवला आणि म्हणाले, "दादा, बेअरिंग संपलं. टर्बो बदलावा लागणार."

ऑनलाइन नवा मागवला, साडेसोळा हजारांना. खोकं आलं ते एक कोपरा आत दबलेलं. डिलिव्हरीच्या मुलाला थांबवलं, पावतीवर 'खोकं दबलेलं मिळालं' असं लिहूनच सही केली आणि उघडताना बायकोला व्हिडिओ काढायला लावला. पुढे सगळं भांडण या दोन गोष्टींवरच निभावलं.

आत चार-पाच किलोचा बिडाचा ऐवज, त्याला बबल रॅपचे जेमतेम दोन वेढे आणि बाकी खोकं मोकळं. वाटभर तो गडगडत आला होता. अ‍ॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप हलवणाऱ्या डबीची, दांडी वाकलेली. तेलाच्या भोकावरचं प्लास्टिकचं टोपण निघून तळाशी पडलेलं आणि त्या भोकात थर्माकोलचा एक दाणा अडकलेला. पंखा बोटाने फिरवला तर प्रत्येक फेरीत एकाच जागी 'खर्र' करून घासत होता. उजेडात धरल्यावर एका पात्याचं टोक दुमडलेलं दिसलं.

गॅरेजमधला एक जण म्हणाला, दांडी सरळ करू, चालून जाईल. मिस्त्रींनी हात लावू दिला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. दांडीची लांबी कारखान्यात दाब लावून बसवलेली असते. ती थोडी जरी बदलली तरी वेस्टगेट (तीच झडप) भलत्याच दाबाला उघडतो, मग एक तर पिकअप मिळत नाही नाहीतर बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, प्रमाणाबाहेर जातो. पंख्याचं तर त्याहून नाजूक. तो मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दुमडलेल्या पात्याने तोल बिघडला की बेअरिंग खलास, आणि पात्याचा तुकडा पडला तर तो इंजिनाच्या वाटेला जातो. तो थर्माकोलचा दाणा नजरेतून सुटला असता तर तेलाची वाट तुंबून नवा टर्बो कोरडाच फिरला असता, याचा विचार आजही अंगावर येतो.

विक्रेता आधी म्हणाला, "बसवून बघा, आवाज आला तर पाहू." हे मुळीच ऐकू नका. एकदा बसवला की तो तुमच्याच मिस्त्रीने बिघडवला, असं म्हणायला त्यांना मोकळीक मिळते. नंतर म्हणाले, कुरिअरवाल्याशी बोला. पैसे मी विक्रेत्याला दिले होते, कुरिअर त्याने निवडलेलं, मग मी कुरिअरशी का भांडू? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तेच विक्रेत्याला फोटो, व्हिडिओ आणि पावतीसकट लेखी कळवलं. फोनवर टोलवाटोलवी करणारी माणसं लेखी पत्राला नीट उत्तर देतात, हा माझा अनुभव. सव्विसाव्या दिवशी दुसरा टर्बो आला, या वेळी फोमच्या साच्यात घट्ट बसवलेला आणि सगळी टोपणं जागेवर.

बसवताना मिस्त्रींनी घाई केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारी जाळी) उतरवून त्यातलं जुनं तेल काढलं, तेलाचा पाइप नवा घातला, गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर नवे, ऑइल आणि फिल्टर बदलला. सिलिकॉन कुठेच लावलं नाही, कारण त्याचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेत बसतो. टर्बोच्या भोकात हाताने तेल ओतून पंखा फिरवला, मग इंजिन चालू न होऊ देता थोडा सेल्फ मारला आणि त्यानंतरच गाडी चालू केली. पहिले दोन दिवस धूर आला. तो सायलेन्सरमध्ये साठलेल्या तेलाचा होता, नंतर थांबला.

आज आठ महिने, अकरा हजार किलोमीटर झाले. पसरणी घाट चार माणसं आणि सामान घेऊन दमदार चढते. दोन हजार आरपीएमच्या पुढे बारीक शिट्टी ऐकू येते, ती पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघतो, तेल उतरलेलं नाही. अ‍ॅव्हरेज साडेचौदावर आलं होतं, आता हायवेला एकोणीस मिळतं. लांबून आल्यावर मिनिटभर गाडी आयडलला ठेवून मगच बंद करतो.

वस्तूबद्दल तक्रार नाही, तिला पूर्ण गुण देतो. पॅकिंगला आणि पहिल्या पंधरा दिवसांच्या उत्तरांना शून्य. खराब टर्बो परत पाठवायला माझ्या खिशातून गेलेले 640 रुपये अजून आलेले नाहीत, त्यासाठी परवा पुन्हा लेखी पाठवलं आहे.